जुना रॅक सर्व्हर सुरू होत नाही, तेव्हा कुठून सुरुवात करायची

सेकंडहँड सर्व्हर खोक्यातून बाहेर काढला, केबल लावली, बटण दाबलं आणि काहीच झालं नाही. अशा वेळी हात आपोआप झाकणाकडे जातो. डेस्कटॉप उघडून सरावलेल्या माणसाचा तर हमखासच. माझी कळकळीची विनंती आहे की झाकण थोडा वेळ राहू द्या. सर्व्हरच्या आत एक दुसरा, छोटा संगणक असतो. वीज मिळाल्यापासून तो जागा असतो, काय बिघडलंय याची नोंद ठेवतो आणि मुख्य यंत्राला सुरू होऊ द्यायचं की नाही हेही बरेचदा तोच ठरवतो. आधी त्याला विचारलं तर पुढचा अर्धा दिवस वाचतो.

या छोट्या संगणकाला बीएमसी (बेसबोर्ड मॅनेजमेंट कंट्रोलर) म्हणतात. डेलच्या यंत्रांत त्याचं नाव आयड्रॅक, एचपीईच्या यंत्रांत आयएलओ, लेनोवोच्या नव्या यंत्रांत एक्सक्लॅरिटी कंट्रोलर. सुपरमायक्रो वापरणारे त्याला नुसतं आयपीएमआय म्हणतात. मी पुढे बीएमसी हाच शब्द वापरणार आहे.

आधी आजार ओळखा

"सुरू होत नाही" या एका वाक्यात तीन वेगवेगळे आजार लपलेले असतात. ते कळायला सर्व्हरचा पॉवर सप्लाय कसा चालतो हे माहीत हवं. तो दोन प्रकारची वीज देतो. केबल लावल्याबरोबर थोडीशी स्टँडबाय वीज बोर्डाकडे जाते आणि तिच्यावर बीएमसी जागा होतो. मुख्य १२ व्होल्टची मोठी वीज मात्र बोर्डाने मागितल्यावरच सुटते. म्हणजे तुम्ही बटण दाबता तेव्हा वीज सोडत नसता, फक्त मागणी नोंदवत असता. ती पुढे जाईल की अडेल हे आतली यंत्रणा ठरवते.

पहिल्या आजारात स्टँडबाय वीजच नसते. पुढे, मागे, सप्लायवर, नेटवर्क पोर्टवर, कुठेही दिवा नाही. दुसऱ्यात स्टँडबाय असते, मागचा दिवा लागतो, पण बटणाला यंत्र दाद देत नाही, किंवा पंखे क्षणभर थरथरून थांबतात. तिसऱ्यात पंखे जोरात फिरतात, दिवे लागतात, पण स्क्रीन काळाच राहतो. तिसऱ्या आजाराला "सुरू होत नाही" म्हणणं खरं तर चूक आहे, कारण यंत्र सुरू झालेलं असतं, फक्त स्वतःच्या तपासणीतून पार पडलेलं नसतं.

तुमचा आजार कोणता हे कागदावर लिहा. कोणत्या दिव्याचा रंग काय, स्थिर आहे की लुकलुकतोय, हेही लिहा. फोनवर छोटा व्हिडिओ काढून ठेवलात तर उत्तम, कारण लुकलुकण्याचा वेग नंतर आठवत नाही आणि सर्व्हिस मॅन्युअलमध्ये नेमका तोच विचारलेला असतो.

पायरी १: केबल लावा आणि बटणाला हात न लावता थांबा

बीएमसीला स्वतः सुरू व्हायला एक-दोन मिनिटं लागतात, जुन्या यंत्रात त्याहून थोडी जास्त. तेवढ्या वेळात बटण दाबलं तर अनेक यंत्रं सरळ दुर्लक्ष करतात. नवशिक्याला वाटतं, यंत्र मेलंय. मग तो केबल काढतो, पुन्हा लावतो, लगेच बटण दाबतो, आणि बीएमसी कधीच पूर्ण जागा होत नाही. तीन-चार मिनिटं घड्याळ लावून थांबा.

या काळात दिवे बघा. एचपीईच्या प्रोलायंटमध्ये पॉवर बटणातला दिवा स्थिर नारिंगी असेल तर यंत्र स्टँडबायवर आहे, हिरवा लुकलुकत असेल तर सुरू होण्याची प्रक्रिया चालू आहे, आणि दिवाच नसेल तर वीज पोचलेली नाही. सुपरमायक्रोच्या बऱ्याच बोर्डांवर बीएमसीचा एक हिरवा दिवा असतो. तो नाडीसारखा लुकलुकत राहिला की बीएमसी जिवंत आहे. तेवढा एक दिवा दिसला तरी पहिला आजार यादीतून वगळता येतो.

पायरी २: भिंतीपासून सप्लायपर्यंत

कुठेच दिवा नसेल तर भिंतीपासून सुरुवात करा. तोच सॉकेट, तीच केबल वापरून दुसरं एखादं उपकरण चालवून बघा. एक्स्टेन्शन बोर्ड, रॅकची वीजपट्टी, यूपीएस हे सगळं बाजूला ठेवून सर्व्हर थेट भिंतीला लावा. यूपीएसबद्दल विशेष सांगतो. स्वस्त यूपीएस बॅटरीवर गेला की शुद्ध साइन तरंगाऐवजी पायऱ्यापायऱ्यांचा तरंग देतो आणि सर्व्हरच्या सप्लायला तो नेहमीच मानवतो असं नाही. चाचणीच्या वेळी मध्ये असं काही नकोच.

आता सप्लायवरचं लेबल वाचा. ही गोष्ट जवळपास सगळेच विसरतात. मोठ्या वॅटचे काही सप्लाय फक्त २०० ते २४० व्होल्टवर चालतात. ११०-१२० व्होल्टच्या सॉकेटला लावले तर ते धडधाकट असूनही गप्प राहतात. दुसरं, टेलिफोन एक्स्चेंजमधून किंवा मोठ्या डेटा सेंटरमधून निघालेल्या यंत्रांत कधी कधी उणे ४८ व्होल्ट डीसीचे सप्लाय असतात. त्यांना नेहमीची केबल बसतच नाही, स्क्रूचे टर्मिनल असतात. असा सप्लाय आला असेल तर आटापिटा करू नका, त्याच यंत्राला चालणारा एसी सप्लाय मिळवा. केबलचंही पाहा. बहुतेक सप्लायना सी१३ टोकाची केबल लागते, जास्त वॅटच्या काहींना सी१९. टोक अर्धवट बसलंय आणि वरून ठीक दिसतंय, हे मी अनेकदा पाहिलंय. पूर्ण आत ढकला.

मग सप्लाय एकेक करून तपासा. दोन्ही बाहेर काढा. पहिला पहिल्या खणात, तोच दुसऱ्या खणात, मग दुसरा पहिल्यात आणि दुसऱ्यात, अशा चार चाचण्या होतात. प्रत्येक वेळी दिवा काय सांगतो ते लिहा. सप्लाय एका खणात चालतो आणि दुसऱ्यात नाही, तर दोष सप्लायचा नाही, त्यामागच्या वीज वाटणाऱ्या बोर्डाचा आहे. दोन्ही खणांत एकच सप्लाय मेलेला दिसला तर दोषी सापडला. दोन्ही सप्लाय दोन्ही खणांत मेलेले दिसले तर घाईने निष्कर्ष काढू नका. दोन सप्लाय एकाच वेळी मरणं दुर्मीळ असतं. आत कुठेतरी शॉर्ट असेल तर तो दोघांनाही सारखाच गप्प करतो.

दोन सप्लाय एकाच वॅटचे आणि एकाच जातीचे असायला हवेत. जुन्या बाजारातल्या यंत्रांत कुणीतरी हाताला लागेल तो सप्लाय घातलेला असतो. डेलच्या यंत्रात चालू असताना सप्लाय घातल्यावर हिरवा दिवा भराभर पाच वेळा लुकलुकून विझला, तर तो जोडी जमत नसल्याचा इशारा आहे. नारिंगी लुकलुकणारा दिवा म्हणजे बिघाड.

सप्लाय मात्र कधीही उघडू नका. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर ४०० व्होल्टच्या आसपास डीसी साठलेला असतो आणि केबल काढल्यावरही तो काही काळ टिकतो. जीव जाऊ शकतो. बिघडलेला सप्लाय बदलायचा, दुरुस्त करायचा नाही.

पायरी ३: साठलेली वीज काढून टाका

सोपी गोष्ट आहे आणि आश्चर्य वाटावं इतक्या वेळा उपयोगी पडते. सगळ्या वीज-केबल काढा. पॉवर बटण ३० सेकंद दाबून धरा. मग दोनेक मिनिटं थांबून केबल लावा आणि पायरी १ पुन्हा करा. अतिरिक्त प्रवाहामुळे स्वतःला बंद करून बसलेला सप्लाय आणि अडकलेला बीएमसी, दोघंही यानंतर बरेचदा ताळ्यावर येतात.

पायरी ४: बीएमसीला विचारा

स्टँडबाय वीज असेल तर ही सगळ्यात मोलाची पायरी. मागे बीएमसीचा वेगळा नेटवर्क पोर्ट असतो, त्यावर पान्याची खूण किंवा आयड्रॅक, आयएलओ असं नाव असतं. त्याला लॅपटॉप जोडा किंवा तो राउटरला लावा आणि राउटरच्या यादीत नवं उपकरण दिसतंय का ते बघा. डेलचा मूळ पत्ता १९२.१६८.०.१२० असतो. एचपीईमध्ये बाहेर सरकणाऱ्या पट्टीवर किंवा टॅगवर आयएलओचं नाव आणि पासवर्ड छापलेला असतो.

जुन्या यंत्रात आधीच्या मालकाचा पत्ता आणि पासवर्ड असण्याची शक्यता मोठी. विक्रेत्याला विचारा, तो सांगू शकतो. नाही तर प्रोलायंटच्या बोर्डावर छोट्या स्विचांची एक पट्टी असते. तिच्यातला पहिला स्विच आयएलओची सुरक्षा बाजूला ठेवतो. डेलच्या यंत्रात आयडी बटण (रॅकमधलं यंत्र ओळखायला दिवा लावणारं) १५ सेकंदांहून जास्त दाबून धरलं की आयड्रॅक नव्याने सुरू होतो. पासवर्ड तसाच राहतो, पण अडकलेला आयड्रॅक मोकळा होतो.

ब्राउझरमध्ये बीएमसीचा पत्ता टाकून आत शिरलात की सिस्टिम इव्हेंट लॉग, म्हणजे बिघाडांची नोंदवही, उघडा. पॉवर सप्लायला इनपुट नाही, प्रोसेसरच्या व्होल्टेज रेग्युलेटरचा दोष, अमुक खणातली रॅम नाकारली, पंखा नाही, विजेचं बजेट अपुरं, अशा नोंदी सरळ वाक्यांत लिहिलेल्या असतात. तारखा विचित्र दिसल्या, एकदम जुन्या वर्षातल्या, तर बोर्डावरचा सेल संपलाय हेही कळतं. लॉग पुसण्याआधी त्याची प्रत उतरवून ठेवा.

मग तिथूनच यंत्र सुरू करायची आज्ञा द्या. बीएमसीकडून यंत्र सुरू झालं आणि बटणाने होत नाही, तर बोर्ड, प्रोसेसर, रॅम, सप्लाय सगळं चांगलं आहे. दोष बटणात, त्याच्या केबलमध्ये किंवा बटण बंद ठेवणाऱ्या एखाद्या सेटिंगमध्ये आहे. माझ्याकडे आलेल्या एका यंत्राने मला हे शिकवलं. विकणाऱ्याने ते मृत म्हणून दिलं होतं. बीएमसीवरून आज्ञा दिल्याबरोबर पंखे फिरले. यंत्राच्या पुढच्या कडेला रॅकला अडकवायचे दोन कान असतात, त्यातल्या एकात असलेल्या बटणाची पट्टीसारखी केबल प्रवासात बोर्डावरून निसटली होती, बाकी यंत्र निरोगी होतं. डेलच्या आर६४० आणि आर७४० मध्ये पॉवर बटण उजव्या कानातच असतं, आणि यंत्र उचलताना, आदळताना मार बसतो तो नेमका या कानांना.

आज्ञा दिल्यावर बीएमसीने ती नाकारली तर नकाराचं कारण वाचा. ते कारणच तुमची पुढची पायरी असते.

पायरी ५: आता झाकण

दोन्ही वीज-केबल काढा. एक काढून भागत नाही, दुसऱ्या सप्लायवरून स्टँडबाय वीज चालूच असते. बोर्डावरचे दिवे विझेपर्यंत थांबा. मनगटाला अँटिस्टॅटिक पट्टा बांधा, निदान चेसीसच्या उघड्या धातूला अधूनमधून हात लावत राहा. भरलेला २यू (रॅकच्या दोन मापांइतका उंच) सर्व्हर २५ ते ३० किलोपर्यंत जातो, तेव्हा टेबलावर चढवायला दुसरा माणूस घ्या.

आधी फक्त बघा आणि वास घ्या. जळका वास, काळा डाग, सैल स्क्रू, कुठे अडकलेला धातूचा तुकडा. झाकणाच्या आतल्या बाजूला बोर्डाचा नकाशा चिकटवलेला असतो, रॅम कोणत्या क्रमाने भरायची तेही तिथेच असतं. त्याचा फोटो काढा.

मग काय *नाही* ते शोधा. जुनी यंत्रं विकण्याआधी त्यांतले भाग काढून घेतलेले असतात. एखादा पंखा गायब असला तरी काही यंत्रं सुरू व्हायला नकार देतात. दुसरा प्रोसेसर काढलेला असेल तर त्याच्या बाजूच्या रॅमचे खण आणि त्याला जोडलेले रायझर (कार्ड ज्यात आडवी बसतात ते छोटे बोर्ड) मेलेलेच राहणार. तिथे लावलेलं कार्ड किंवा रॅम दिसणारच नाही, आणि त्यात बिघाड असा काही नाही. वारा वळवणारं प्लास्टिकचं आवरण नसेल तर यंत्र सुरू होईल, पण तापेल. काही जुन्या यंत्रांत झाकणाखाली स्विच असतो आणि झाकण नीट बसल्याशिवाय मुख्य वीज सुटतच नाही. त्यामुळे चाचणी घेताना झाकण लावूनच बटण दाबायची सवय ठेवा.

रॅम, रायझर, बटणाची केबल, सप्लायच्या बोर्डाची केबल, हे सगळं एकदा काढून घट्ट बसवा. प्रवासाने सैल झालेले सांधे हे सेकंडहँड यंत्रांच्या बिघाडांचं फार मोठं कारण आहे.

पायरी ६: किमान जुळणी

इथे दुसरा आणि तिसरा आजार, दोन्हींचा निकाल लागतो. यंत्रात एवढंच ठेवा: पहिल्या सॉकेटमधला प्रोसेसर हीटसिंकसह, नकाशाने सांगितलेल्या खणात रॅमची एकच पट्टी, सगळे पंखे, एक सप्लाय, बटणाचं पॅनेल. हार्ड डिस्क, त्यांच्या मागच्या बोर्डाची वीज-केबल, रेड (RAID) कार्ड म्हणजे डिस्क सांभाळणारं कार्ड, जास्तीचं नेटवर्क कार्ड, ग्राफिक्स कार्ड, यूएसबीला लावलेलं काहीही, सगळं बाहेर. डिस्क कोणत्या खणातून काढली त्यावर क्रमांक लिहा. विसरू नका, शेवटी लागतील.

एकच पट्टी कोणत्या खणात घालायची हे प्रत्येक यंत्रात वेगळं असतं. डेलमध्ये सहसा ए१. एचपीईमध्ये तो सॉकेटपासचा पहिला खण असेलच असं नाही, म्हणून अंदाज करू नका. पट्टीची जातही पाहा. आरडीआयएमएम, एलआरडीआयएमएम आणि डेस्कटॉपची यूडीआयएमएम एकत्र चालत नाहीत, आणि जुन्या यंत्रांत असा खिचडी केलेला संच सर्रास सापडतो.

यंत्र सुरू झालं तर काढलेला एकेक भाग परत घाला. एका वेळी एकच. प्रत्येक भागाआधी वीज पूर्ण काढा, भाग घाला, बीएमसी जागा होऊ द्या, मग बटण. हे कंटाळवाणं आहे हे मला माहीत आहे. पण दोन भाग एकदम घातले आणि यंत्र पुन्हा बंद पडलं, तर दोषी कोण हे शोधायला त्याहून जास्त वेळ जातो.

पंखे क्षणभर फिरून थांबत असतील तर सप्लाय शॉर्ट ओळखून स्वतःला वाचवतोय. अशा वेळी किमान जुळणीत बहुधा फरक पडतो, कारण शॉर्ट कार्डात, डिस्कमध्ये किंवा त्यांच्या मागच्या बोर्डात असू शकतो. प्रत्येक चाचणीनंतर केबल काढून थोडं थांबा, नाही तर सप्लाय आधीचाच बिघाड लक्षात ठेवून रुसून बसतो आणि तुमची चाचणी खोटी ठरते.

पंखे फिरतायत आणि स्क्रीन काळा आहे, तर आधी घड्याळ बघा. भरपूर रॅम असलेला सर्व्हर पहिल्यांदा सुरू होताना रॅमची जुळवाजुळव करण्यात कित्येक मिनिटं घालवतो आणि त्या वेळात स्क्रीनवर काहीच येत नाही. दहा मिनिटं द्या. व्हीजीए ते एचडीएमआय असा कन्व्हर्टर वापरत असाल तर साधा व्हीजीए मॉनिटर लावून बघा. डेलच्या यंत्रात पुढच्या व्हीजीएला मॉनिटर लावला की मागचा बंद होतो. बीएमसीच्या पानावर आभासी कन्सोल असतो. तिथे चित्र दिसलं तर दोष मॉनिटरच्या बाजूचा.

पायरी ७: सेटिंग पुसा, सेल बदला

बोर्डावर एनव्हीरॅम (सेटिंग साठवणारी मेमरी) पुसण्याचा जंपर, म्हणजे दोन पिना जोडणारी छोटी टोपी, असतो, प्रोलायंटमध्ये ते काम पट्टीतला सहावा स्विच करतो. आधीच्या मालकाची चुकीची सेटिंग यंत्राला अडवत असेल तर ती यात जाते. सोबत सीआर२०३२ सेलही बदला. नवा सेल ३ व्होल्ट देतो, मल्टिमीटरवर २.७ च्या खाली आलेला मी ठेवत नाही.

पायरी ८: प्रोसेसर, सगळ्यात शेवटी

इंटेलच्या झिऑन सर्व्हरमध्ये नाजूक पिना प्रोसेसरला नसतात, बोर्डावरच्या सॉकेटमध्ये असतात. एक पीन वाकली तर यंत्र सुरू होत नाही, किंवा रॅमचे दोन-चार खण गायब होतात. म्हणून विनाकारण प्रोसेसर काढू नका, काढायचाच तर टॉर्चचा उजेड तिरका पाडून पिनांच्या रांगा बघा. सगळ्या पिना सारख्या चमकायला हव्यात. एखादी वेगळी चमकली तर तिथे थांबा, फोटो मोठा करून बघा.

प्रोसेसर कुणी बदललेला असेल तर मेळ तपासा. झिऑनच्या ई५ मालिकेतल्या पहिल्या दोन पिढ्यांचा एलजीए २०११ सॉकेट आणि पुढच्या दोन पिढ्यांचा २०११-३ एकमेकांना चालत नाहीत. तिसऱ्या पिढीच्या बोर्डावर चौथीचा प्रोसेसर बसतो, पण बायोस (यंत्र सुरू करणारं बोर्डावरचं सॉफ्टवेअर) नवा हवा. २०१७ पासूनच्या एलजीए ३६४७ मध्ये प्रोसेसर हीटसिंकलाच अडकवून बसवतात. स्क्रू टी३० टॉर्क्सचे असतात आणि लेबलावरच्या क्रमानेच आवळायचे, नाही तर दाब एका बाजूला पडतो आणि रॅमचे खण दिसेनासे होतात. एएमडी एपिकच्या बाबतीत आणखी एक गोष्ट: काही उत्पादकांच्या यंत्रात एकदा चाललेला एपिक प्रोसेसर कायमचा त्या उत्पादकाशी बांधला जातो आणि दुसऱ्याच्या बोर्डावर सुरूच होत नाही. सुटा प्रोसेसर घेण्याआधी तो कोणत्या यंत्रातून आला हे विचाराच.

एवढं करूनही नाही झालं तर

चांगला असल्याची खात्री असलेला सप्लाय, किमान जुळणी, पुसलेली सेटिंग, नवा सेल, आणि तरीही बीएमसी गप्प असेल, तर उरतात दोनच भाग: वीज वाटणारा बोर्ड आणि मदरबोर्ड. ज्या यंत्रात वाटपाचा बोर्ड सुटा असतो तिथे तो आधी बदला, तो सोपा आणि स्वस्त असतो. मदरबोर्ड घेताना मॉडेलच्या नावावर जाऊ नका, जुन्या बोर्डावरचा पार्ट क्रमांक जुळवा. एकाच मॉडेलच्या बोर्डांच्या अनेक आवृत्त्या असतात. परत करण्याची मुदत बाकी असेल तर विक्रेत्याकडे लॉगची प्रत, दिव्यांचा व्हिडिओ आणि चाचण्यांचा कागद पाठवा. "चालत नाही" यापेक्षा "दोन्ही सप्लाय दोन्ही खणांत तपासले, स्टँडबाय येत नाही" यावर विक्रेता लवकर हलतो.

यंत्र सुरू झालंच, तर लगेच रॅकमध्ये चढवू नका. काही तास टेबलावरच चालू ठेवा आणि लॉगमध्ये नवी नोंद येते का ते बघा. बीएमसीचा पासवर्ड बदला, आधीच्या मालकाची खाती काढा, बायोस आणि बीएमसीचं फर्मवेअर नवं करा. वीज जाऊन आल्यावर यंत्राने आपोआप सुरू व्हायचं की बंद राहायचं हे बायोसमध्ये ठरवा. डिस्क सगळ्यात शेवटी, लिहिलेल्या क्रमांकानुसार, ज्या खणातून काढली त्याच खणात.